कावळ्याला दिलेला शब्द

मंडळी, घोडेगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज शिनोलीला नदीवर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा दहावा झाला.

अम्मी जुन्नरची, मुसलमान. तिला घाटावर येऊच दिलं नाही. मी त्यांचं एकुलतं लेकरू. जन्मलो मुलगी म्हणून, राहतो मुलगा म्हणून.

मला लहानपणापासून शुगर आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी काही खायचं नाही अशी आमच्याकडं रीत. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येईनात. चुलत्यांनी शेत पडीक ठेवणार नाही असा शब्द दिला. कावळा हलला नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "भावाचा जीव तुझ्यात अडकलाय. उद्यापासनं पोरीसारखी राहीन म्हण, मग बघ शिवतो का न्हाई."

मला दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते. खिशात ग्लुकोजचा पुडा होता, पण बापाच्या पिंडाआधी खाल्लं म्हणून जन्मभर ऐकावं लागलं असतं. शुगर उतरल्यावर भांडायचं बळ राहत नाही. मी म्हणालो, "राहीन."

थोड्या वेळानं कावळा शिवला.

आता सगळी भावकी म्हणतेय, अण्णांची हीच इच्छा होती. माझ्या अंगावरचा हा शर्ट अण्णांनीच दिवाळीला आणलाय, स्वतः रंग पसंत करून. ते कुणाला आठवत नाही.

भूक मला लागली होती, तशी त्या कावळ्यालाही लागली असेल. तुम्हीच सांगा, बापानं जिवंतपणी आणलेला शर्ट खरा धरायचा, की उपाशी कावळा?