कोलशेतची वैजू आणि आमचा रॅप

भाची परवा मोबाईलवर रॅप करणाऱ्या मुली दाखवत होती. काय एकेक जबरदस्त! "पण मावशी, पोस्टरवर यांचं नाव अजून बारीक अक्षरातच," ती वैतागली. मला हसू आलं. आमच्या वेळी पोस्टरवर नावच नसायचं! असे किस्से मनात साठून राहतात, आणि एक निघाला की मागून दहा निघतात. सगळ्यांत वैजू असतेच.

वैजू कोलशेतची, कोळ्यांची. मी डोंबिवलीची. नव्वदीच्या दशकात ठाण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर. मी कुठूनतरी इंग्लिश रॅपची कॅसेट मिळवलेली. वैजूने दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "हॅ! हे तर आमची आय रोज करते, मासळी विकताना!"

झालं. आम्ही मराठीत रॅप लिहायला लागलो.

* * *

गॅदरिंगची निवड. मराठीचे सर समोर. आम्ही धडाधड सुरू केलं. सरांनी हात वर केला.

"थांबा. हे गाणं आहे की भाषण?"

वैजू म्हणाली, "सर, भांडण!"

सरांनी यादीत शांतपणे लिहिलं, 'इतर'.

* * *

प्रॅक्टिस आमच्या घरी चालायची. माझे बाबा शास्त्रीय संगीतवाले. एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, यात सूर कुठे आहे?"

"काका, सूर लावत बसायला वेळ कुठाय? बोलायचंय खूप!"

बाबांनी पेपर परत उचलला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आमच्या कागदावर लाल पेनाने लिहिलेलं, 'तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते.'

* * *

डोंबिवलीत गणपतीतला ऑर्केस्ट्रा. रॅप म्हणणाऱ्या मुलाचा घसा बसलेला. मी वैजूचं नाव सुचवलं. मालक उडालाच.

"मुलगी? पब्लिक खुर्च्या फेकेल!"

"फेकू देत," वैजू म्हणाली, "मग उभं राहून ऐकतील!"

खुर्च्या कोणी फेकल्या नाहीत. वन्स मोअर मिळाला. मालकाने मात्र तिला परत कधी बोलावलं नाही. पुढच्या गणपतीत वैजू माझ्याशेजारी खुर्चीत बसून तोच ऑर्केस्ट्रा ऐकत होती.

* * *

मग वैजूला बघायला कळव्याहून पाहुणे आले. चांगलं स्थळ. तिच्या आईने आधीच बजावलेलं, "तोंड उघडू नको गो!" मी शेजारी बसलेले. मुलाच्या काकांनी विचारलं, "पोरीला गाणं-बिणं येतं का?"

आई "नाय" म्हणेपर्यंत वैजूने मांडीवर ठेका धरलेला.

"पहाटे उठून खेप माझी,
बाजारात हाक माझी,
उंबऱ्याच्या आत येता
का गं बोलती बंद माझी?"

आईने कपाळाला हात लावला. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मुलगा जमिनीकडे बघत होता.

मुलाची आई उठली. आता ही निघाली, असं मला वाटलं. ती येऊन वैजूच्या अगदी जवळ बसली.

"परत बोल गो," ती म्हणाली. "जरा दमानं. मना पाठ करायचाय."