बिनदाराच्या घरातला अर्धा तास

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. माझ्या तब्येतीचं कळल्यापासून ती मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायला लागली. त्यात एक बाई यायची. नीटनेटकी, हसरी, आवाज एकदम मऊ. सकाळी लवकर उठा, मोबाईल लांब ठेवा, अर्धा तास फक्त स्वतःसाठी बसा, मग दिवसभराची कामं कशी भराभर होतात बघा, असं सांगायची. बाई काही खोटं सांगत नव्हती. पण मी तिच्याकडं कमी आणि तिच्या पाठीमागं जास्त बघायची. तिच्या पाठीमागं दार होतं. बंद, आणि आतून कडी लावलेलं. ते बघितलं की माझं डोकंच फिरायचं. अगं बाई, तुझं निम्मं काम त्या कडीनं केलंय, तिचं नाव तरी घे.

आमच्या घराला दार नाही. आम्ही शिंगणापूरचे. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, बस्स. शनिदेव गावाची राखण करतो, इथं चोरी करणारा आंधळा होतो, म्हणून दार लावायचं नाही ही पिढ्यांची रीत. रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवतात. माझं माहेर नेवाशाचं. तिथं दाराला कडी होती, आगळ होती, रुसून आत जाऊन बसायची सोय होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने झोप लागायची नाही. मग लागली. देवावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. शनिवार मीही धरते. राग आहे तो माणसांवर.

झालं असं की, एका सकाळी भाकरी थापताना माझा डावा हात पडला. पडला म्हणजे होता तिथंच, पण माझा राहिला नाही. बोटं हलेनात. थोड्या वेळानं मुंग्या आल्या आणि हात परत आला. मालकांनी नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, ही सूचना आहे, दरवेळी सूचना मिळेलच असं नाही. ते बोलत होते आणि मला माझी आई दिसत होती. तिला माझ्याच वयात लकवा मारला. एका अंगावर पडून राहिली, तोंडातून पाणी गळायचं, बोललेलं कुणाला कळायचं नाही. चिडून उजव्या हातानं खाटेवर थापट्या मारायची. तिची वेणी मी घालायची. मला तसं खाटेवर पडायचं नव्हतं, दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी केलं, चालायला सांगितलं. आणि वर म्हणाले, रोज अर्धा तास अशा जागी बसा जिथं तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. मालक शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. अशी मान डोलावली की वाटावं, उद्यापासून हे स्वतःच बसणार आहेत.

मी कामचुकार नाही. सांगितलेलं सगळं केलं. गोळीचं पाकीट चहाच्या डब्यावर ठेवलं, म्हणजे चहा करायला हात गेला की गोळी पहिली. लोणचं, पापड फडताळाच्या वरच्या फळीवर टाकले. रात्रीच ओटा पुसून, पीठ चाळून, भाजी निवडून ठेवायला लागले, म्हणजे सकाळी धावपळ नको. उजाडलं की डांबरी रस्त्यानं चालून यायची. हे सगळं अंगवळणी पडलं, कारण ते माझ्या एकटीच्या हातात होतं. अर्धा तास तेवढा माझ्या हातात नव्हता. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत. डॉक्टर म्हणतो बस, घर म्हणतं ऊठ.

बसायचे मी पुढच्या खोलीत, पडद्याकडं पाठ करून. डोळे मिटले की सासूबाईंचा चष्मा हरवायचा. तो त्यांच्या डोक्यावर असायचा. चष्मा सापडला की गूळ कुठं ठेवलाय ते आठवायचं नाही. दूधवाला सरळ आत येऊन पातेलं शोधायचा. शेजारी माझी चुलत जाऊ राहते, ती विरजणाला यायची आणि मी बसलेली दिसले की म्हणायची, बसा बसा ताई, तुमचं चालू द्या. आणि समोर बसून तिच्या पाठदुखीचं सगळं सांगायची. मालकांचं रस्त्यावर प्रसादाचं दुकान आहे, तेल, रुईच्या माळा, काळे उडीद, नारळ. ते दुकानातून दहा वेळा यायचे. सुट्टे दे, पिशव्या दे, पाणी दे. मी डोळे मिटलेलेच ठेवले तर दोन पावलांवर उभं राहून खाकरायचे. नवऱ्याचं ते खाकरणं ज्या बाईनं ऐकलंय तिला मी काय म्हणते ते कळेल. शेतात जाऊन बसावं म्हटलं तर उसात बिबट्या, एकटीनं कुणी जात नाही. देवळात तर पाय ठेवायला जागा नसते.

आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्याकडं भाविकांच्या गाड्या येतात. शिर्डी करून इकडं येतात बरेच. त्यांनी ऐकलेलं असतं की इथं घरांना दारं नाहीत. मग बघायचं असतं. पडदा सारून डोकं आत घालतात. कुणी विचारतं, कुणी तेही नाही. तसे पूर्वीही यायचे, पण एकदोन. मी बसायला लागले आणि नेमके सकाळचे घोळके यायला लागले. एक दिवस मी डोळे मिटून बसलेय, श्वास मोजतेय, आणि मागून एक बाईमाणूस हिंदीत कुजबुजलं, बघा बघा, तपश्चर्येला बसलीय. डोळे उघडून मागं वळले तर समोर मोबाईल. माझं शूटिंग चाललेलं. मी विचारलं, तुम्हाला आत कुणी पाठवलं? ती बाई सरळ म्हणाली, दुकानवाले भैया बोलले, आमचंच घर आहे, जा, बघून या.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे भैया स्वतः पाठवत होते. नारळ घ्या, तेल घ्या आणि वर आमचं घर बघून या. मी त्या बाईला पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला, दार नसलं तरी, पाणी द्यायचं असतं. ती गेल्यावर हाताला परत मुंग्या आल्या. मी हात चोळत बसले आणि मला आईची वेणी आठवली. त्या दिवशी रडले नाही, नुसती चिडले.

दुसऱ्या दिवशी मी एक शहाणपणा केला. चालून आले, सासूबाई देवळाकडं गेल्या होत्या, मालक दुकानात. मी रात्रीची फळी उचलली आणि भर सकाळी चौकटीला आडवी टेकवली. म्हटलं, बघू आता कोण येतंय. आत जाऊन भिंतीला टेकून बसले, पाय पसरले, डोळे मिटले. काय सांगू, किती बरं वाटलं. मान आपोआप एका बाजूला कलली. बहुतेक डुलकीच लागली.

आता गावची रीत मला माहीत नव्हती असं नाही, रागाच्या भरात विसरले. दिवसा फळी लावलेली दिसली म्हणजे घरात कुणी नाही. आणि घरात कुणी नाही म्हणजे शेजाऱ्यानं लक्ष ठेवायचं. गॅस बंद आहे का, दूध झाकलंय का, एकदा आत जाऊन बघायचं. माझ्या जावेनं फळी बघितली. तिला काही सांगून गेले नाही म्हणून तिला नवल वाटलं असेल. तिनं इमानदारीनं फळी बाजूला केली, आत आली आणि बघते तर काय, मी भिंतीला टेकून, मान कललेली, डावा हात जमिनीवर पडलेला.

ती जी किंचाळली ती आख्ख्या आळीनं ऐकली. ताई गेल्या म्हणून. मी दचकून जागी झाले तोवर खोलीत माणसं. कुणी माझ्या तोंडावर पाणी मारतंय, कुणी चप्पल हुंगवतंय, कुणी गाडी काढा म्हणून ओरडतंय. मी म्हणतेय, अहो मला काही झालेलं नाही, पण ऐकतंय कोण. दुकानातून मालक पळत आले. त्यांच्यामागं दोन गिऱ्हाईकं, हातात तेलाच्या बाटल्या तशाच. आणि सगळ्यात शेवटी सासूबाई. देवळाकडून अनवाणी पळत आल्या, पदर खांद्यावरून गेलेला. गर्दी बघून त्यांना वाटायचं ते वाटलं असणार. मी उठून बसलेली दिसले तशा त्या चौकटीला धरून खालीच बसल्या. बराच वेळ त्यांची छाती खालीवर होत होती.

माणसं हसत हसत पांगली. मालकही हसले आणि तिथं माझा बांध फुटला. ते म्हणाले, बसायचं होतं तर सांगायचं, कशाला नसतं नाटक. मी म्हटलं, मला दार पाहिजे. ते म्हणाले, येड लागलंय का, आळीत कुणाला दार आहे, देवावर भरवसा नाही असं होईल. मी म्हटलं, देवावर आहे, तुमच्यावर नाही. ते म्हणाले, इथं कधी कुणाची काडी चोरीला गेलीय का? आणि मग मी जे बोलले ते इतकी वर्षं माझ्या पोटात कुठं होतं कुणास ठाऊक.

"माझा अर्धा तास रोज चोरीला जातो. तुम्ही नेता, तुमची गिऱ्हाईकं नेतात, सगळे नेतात. भांड्याकुंड्यांना हात लावला तर माणूस आंधळा होतो म्हणे. मग तुमचे डोळे कसे शाबूत आहेत?"

ते पाय आपटत दुकानात निघून गेले. रागानं, पटलं म्हणून नाही. जेवायलाही बोलले नाहीत. रात्री मी पीठ चाळलं, ओटा पुसला. सवयी एवढ्या लागल्या होत्या की भांडणातही हात चालत होते. मनात मात्र मी बसणं सोडून दिलं होतं. म्हटलं, जाऊ दे, पडायचं असेल तर पडू खाटेवर. मग कळेल सगळ्यांना. आईलाही असंच वाटलं असेल का, हा विचार आला आणि पुन्हा स्वतःचाच संताप आला.

सकाळी चालून आले तर चौकटीत सासूबाई. उंबऱ्यावर पोतं अंथरून बसलेल्या, पाठ एका बाजूला टेकलेली, पाय दुसऱ्या बाजूला लांब केलेले. पुढ्यात रुईच्या पानांची पाटी आणि दोरा. दुकानच्या माळा त्या नेहमी मागच्या अंगणात करायच्या. मी म्हटलं, आत्याबाई, इथं उन्हात कशाला. त्यांनी पाय आखडून घेतले, मला आत जाऊ दिलं आणि परत लांब केले. म्हणाल्या, जा, बस.

मी बसले. खरं सांगते, पहिल्यांदा काहीच शांत वाटलं नाही. कान सगळे बाहेर. दूधवाला आला, सासूबाईंनी पातेलं बाहेरच ठेवलं होतं. जाऊ आली, तिला म्हणाल्या, विरजण नंतर. एक जोडपं आलं, घर बघायचंय म्हणालं. सासूबाईंना हिंदी येत नाही. त्यांनी मराठीतच सांगितलं की हितं बघन्यासारखं काय न्हाई, देवळात जा. आवाज चढवला नाही. पानं ओवत होत्या, दोरा ओढल्याचा आवाज येत होता.

मग ओळखीच्या चपला वाजल्या. मालक. दोन पावलांवर थांबले आणि खाकरले. त्यांना तेलाचा रिकामा डबा पाहिजे होता, तो स्वयंपाकघरात होता. म्हणाले, आई, पाय घे. त्यांनी घेतले नाहीत. ते हसले, म्हणाले, अगं माझंच घर आहे ना, एका मिनिटात डबा घेतो आणि जातो.

"तुजा बाप असाच यायचा," सासूबाई म्हणाल्या. "येका मिन्टासाठी. मी एकदाबी थांब म्हनले न्हाई, पाय घेत ऱ्हायले. जलम गेला. तुला म्हनते. थांब."

मला वाटलं आता ते पाय ओलांडून येतील, किंवा तणतणत दुकानात जातील. चपला वाजल्या नाहीत. ते तिथंच उभे होते, उन्हात, गिऱ्हाईकं दुकानात खोळंबलेली. सासूबाईंनी पाटीतलं पुढचं पान घेतल्याचा आवाज आला. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मी पुसलं नाही. माझा अर्धा तास अजून व्हायचा होता.