पात्यावरचं कुंकू

माझे वडील बोलायला तिखट आणि कामाला नेटके. मी त्यांची एकुलती एक मुलगी. तिखटपणा मी पुरेपूर उचलला. नेटकेपणाबद्दल घरात मतभेद आहेत.

मार्केट यार्डाजवळ आमची पत्र्याची शेड होती आणि तिच्या मागेच घर. बाबा शेडमध्ये फळांच्या लाकडी पेट्या बनवायचे, हातकरवतीने. मग व्यापाऱ्यांना पुठ्ठ्याची खोकी आवडायला लागली आणि आमच्या पेट्या आमच्याच शेडमध्ये राहू लागल्या. त्याच सुमारास पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. कॉम्प्युटर आला की त्याला टेबल हवं, टेबलाखाली कीबोर्डसाठी सरकती फळी हवी. बाबांनी तोवर कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता, पण त्याच्या टेबलाची मापं त्यांना आठवड्याभरात पाठ झाली. एवढं प्लायवुड हाताने कापत बसणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एक जुनं करवत-मशीन आणलं. लोखंडी टेबल, मधोमध फट आणि फटीतून वर आलेलं गोल पातं.

मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि अशाच एका क्लासला जात होते. तिथे चुकलं की एक बटण दाबून पुसता यायचं, ते मला जरा पोरकट वाटायचं. लाकूड एकदा कापलं की कापलं. मला ते मशीन चालवायचं होतं, अगदी मनापासून.

"आधी ते नीट उभं तर करू," बाबा म्हणाले.

उभं करण्यात पंधरा दिवस गेले. टेबलाचे पाय डुगडुगत होते, ते सारखे करून जमिनीला बोल्टने आवळले. मग गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, पात्याला लावून पातं टेबलावर सरळ उभं आहे का ते पाहिलं. केसभर फट दिसली. ती घालवायला बाबांनी अख्खी दुपार घेतली. लाकूड ज्या पट्टीला टेकवून पुढे सरकवायचं, ती पात्याला समांतर हवी. त्यासाठी पात्याच्या एका दाताला खडूची खूण करायची, तो दात पुढे आणून पट्टीपर्यंतचं अंतर मोजायचं, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजायचं. मोजायचं काम माझं. पण प्लग काढून माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवल्याशिवाय ते मला पात्याला हात लावू देत नसत.

"दोन्हीकडे सारखंच आहे," मी म्हणायची.

"सारखंच म्हणजे किती? फूटपट्टीनं मोजलंस की मनानं?"

पात्यावर एक झाकण होतं आणि पात्याच्या पाठीमागे एक पोलादी पट्टी उभी असायची. तिला आम्ही पाचर म्हणायचो. कापलेलं लाकूड मागे मिटून पात्याला आवळू नये, हे तिचं काम. ती नसेल तर फळी उलटी उसळून कापणाऱ्याच्या पोटात येऊ शकते. बाबांनी एका वखारीत ते पाहिलं होतं. फळी उसळली आणि त्या माणसाचा हात पात्यावर गेला, एवढंच सांगून ते विषय बदलायचे आणि मला बांगड्या काढायला लावायचे. ओढणी नको. हातमोजेही नकोत, पातं ते पकडून हात आत ओढतं. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि शेवटची वीतभर फळी बोटांनी नाही, लाकडी दांड्याने ढकलायची.

माझी मोकळी मनगटं पाहून आईला वाईट वाटायचं. "लोक काय म्हणतील?"

"हात आहेत म्हणतील," बाबा म्हणायचे.

संध्याकाळी शेड बंद करताना ते "हात दाखव" म्हणत. मी दोन्ही पंजे पुढे केले की एकेक बोट मोजल्यासारखं बघायचे आणि मगच कुलूप लावायचे. मला याचा भयंकर राग यायचा. मशीन ते चालवणार, मी भुसा झाडणार, आणि बोटं मोजायची माझी!

"एक तरी फळी कापू द्या, मग मोजा," मी एकदा फणकारले.

"दसरा झाला की बघू," ते म्हणाले. मी दिवस मोजायला लागले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. रंधा, पटाशी, हातकरवत पाटावर मांडली. मशीन काही पाटावर मावेना, त्याला जागेवरच झेंडूचा हार घातला. पण कुंकू थेट पात्याला लागलं पाहिजे, असा आईचा आग्रह. बाबांनी प्लग काढला, झाकण काढलं, आड येते म्हणून पाचरही काढली. आईने पात्याच्या अंगावर कुंकवाची ठसठशीत बोटं ओढली. दसऱ्याला आम्ही हत्याराला हात लावत नाही, त्यामुळे मशीन दोन दिवस तसंच हार घालून बसून राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एका क्लासवाल्याचा निरोप आला, टेबलं आज संध्याकाळीच हवीत.

"आज घाई आहे. तुझं नंतर बघू," बाबा म्हणाले.

माझं तोंड एवढंसं झालं. मी झाडू घेऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही सुनावलं. बाबांनी हार उतरवला, प्लग लावला, प्लायचा तुकडा पट्टीला टेकवला आणि बटण दाबलं.

पातं फिरायला लागलं आणि कुंकवाच्या बोटांचं एक लाल कडं झालं. ते इतकं सुंदर दिसत होतं की मी राग विसरून बघत राहिले. मग एकदम लक्षात आलं, हे मला दिसतंय कसं?

ओरडले असते तर ते दचकले असते. मी झाडू टाकला आणि दारापाशी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. प्लाय तेव्हा पात्यापासून वीतभर लांब होता.

"लाईट गेली काय?" बाबांनी विचारलं.

"मी घालवली."

"तुला सांगितलं ना, आज घाई..."

"बाबा, झाकण कुठंय? पाचर कुठंय?"

लाल कडं हळूहळू विरत गेलं, बोटं वेगवेगळी दिसायला लागली आणि पातं थांबलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "मीच काढली होती," ते म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. जिंकल्यासारखं वाटायच्या ऐवजी मला रडूच आलं.

पाचर शोधण्यात पाऊण तास गेला. शेवटी दोन्ही वस्तू घरात सापडल्या, देवघरात, आपट्याच्या पानांखाली. पूजेतल्या वस्तू इकडेतिकडे कशा टाकायच्या, असं आईचं म्हणणं.

"देवाने अगदी नीट सांभाळली," बाबा म्हणाले.

त्यांनी बटण बंद करून प्लग काढला, पाचर बसवली, झाकण लावलं, गुण्या पुन्हा लावून पाहिला. घाई होतीच, तरी सगळं पहिल्यापासून केलं. मग मेन स्विच वर केला, प्लग लावला आणि ते बाजूला सरकले.

"ये. रेषेत नको, इकडे उभी राहा."

मी बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. पात्याचा पहिला दात प्लायला लागला तेव्हा तळव्यांत एक बारीक थरथर आली, मग फळी आपली आपण वाट कळल्यासारखी पुढे जायला लागली. शेवटी दांडा घेतला. कापलेल्या कडेवर बाबांनी गुण्या ठेवला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले. आमच्या घरात याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. त्या दिवशी निम्म्याहून अधिक फळ्या मी कापल्या, नाकातोंडात भुसा गेला, आणि मी फार खूश होते.

टेबलं टेम्पोत चढली. शेड बंद करताना मी सवयीने दोन्ही पंजे पुढे केले. बाबांनी ते पाहिले, कुलूप माझ्या हातात दिलं आणि दारात थांबून राहिले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"आता माझी मोज," ते म्हणाले.

मी एकेक बोट धरून मोजलं. दहाही होती. मगच मी कुलूप लावलं.