मालेम अल्लालची भिंत

शुक्रवारच्या नमाजानंतर बहिजा टँजिअरहून येणार होती आणि बापाला चालताना बघून निकाल देणार होती. खाटेपासून संडासापर्यंत तो कुणाचा हात न धरता गेला, तर इथंच राहील. नाही गेला, तर तिच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पोरीचं तसं काही चुकत नव्हतं. तिच्या आईची, तामूची, कंबर कामातून गेलेली. नवरा पडला तर त्याला उचलणं तिला जमणारं नव्हतं. आणि गल्ली इतकी चिंचोळी की दवाखान्यातून अल्लालला हातगाडीवर घालून घरी आणावं लागलं होतं.

पण टँजिअरला नेलं तर म्हातारा वर्ष काढायचा नाही, हे तामूला पक्कं ठाऊक होतं.

अल्लाल हा फेज शहरातला झेलिजचा मालेम. म्हणजे भाजलेल्या रंगीत फरशांचे बोटाएवढे तुकडे हातोडीनं घडवून त्यांची नक्षी जमवणारा उस्ताद. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या हवेल्या नटवल्या आणि स्वतःच्या घराच्या भिंती सुट्टीच्या दिवशी केल्या, आठ वर्षं लावून. हे काम मोठं विचित्र. तुकडे पालथे मांडायचे, रंग जमिनीकडे. नक्षी सगळी डोक्यात. मग पाठीवर गिलावा ओतायचा, तो सुकला की अख्खा तक्ता उभा करायचा, तेव्हा कुठं दिसणार काय झालंय ते. चूक झाली असली तर ती जन्माची. अल्लालकडून चूक झाल्याचं फेजमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

हिवाळ्याच्या तोंडाला अर्धांगानं त्याची उजवी बाजू नेली. तेव्हापासून तो लोकांसमोर जेवेना, कारण घास डाव्या हातानं घ्यावा लागे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

दुरुस्तीला हमाद आला होता. हमाद त्याच्याच हाताखाली शिकलेला, पुढं गवंडी झाला, आणि आता गावातल्या म्हाताऱ्यांची घरं त्यांना झेपतील अशी करून देतो. त्यानं उंबऱ्यावर उतार केला, कमोडची बैठक उंच केली, दोन दारं काढून टाकली. राहिले होते बोळातले कठडे, जाता-येता डाव्या हाताला धरायला दोन्ही भिंतींना. आणि तिथंच गाडं अडलं. बोळाला छातीपर्यंत झेलिज होतं.

"माझ्या झेलिजला एक भोक पाडलंस तर हात तोडीन," अल्लाल खाटेवरून म्हणाला.

"कुणाचा, मालेम? तुमचा एकच उरलाय," हमाद म्हणाला. पण त्यानं ऐकलं. उस्तादाच्या नक्षीला ड्रिल लावायची कशी, म्हणून त्यानं कठडे झेलिजच्या वर, जिप्समच्या ठिसूळ कोरीव पट्टीत ठोकले. आदरानं माणूस कसा घात करतो बघा.

गुरुवारी तामू बोळ पुसत होती. वळणावर, वरच्या खुंटीला, पिठाची मोठी चाळण तिनं वर्षानुवर्षं टांगलेली. हमादनं ती खुंटी काढल्यामुळं तिनं चाळण कठड्यालाच अडकवली. कठडा हलला. चिमूटभर पांढरी भुकटी फरशीवर पडली.

तिनं भुकटी फडक्यानं पुसली आणि ती गप्प बसली. सांगावं तर म्हाताऱ्यापुढं दोनच वाटा, भोकं किंवा टँजिअर, आणि हा हट्टी माणूस हट्टापायी टँजिअर निवडणार. न सांगावं तर... त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

बहिजा आली. कोट न काढताच बसली. कुसकुस झाकून ठेवलेलं होतं. आधी चालणं, मग जेवण. हमादही येऊन उभा राहिला.

अल्लाल उठला. उतारावरून उतरला, अंगण ओलांडलं, बोळात शिरला. डाव्या हातानं कठडा धरून, उजवा पाय ओढत. कठडा छातीएवढा उंच, त्यामुळं सगळा भार खांद्यातून लटकत होता. बहिजा मागून चालत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता. तामूला मात्र फक्त वळण दिसत होतं. चार पावलं. तीन. दोन.

"थांबा," ती म्हणाली. "पुढं हात लावू नका. तिथला कठडा सुटलाय."

"तुला कधी कळलं?" बहिजानं विचारलं.

"काल."

"काल कळलं, आणि तू बाला चालवलंस, यम्मा?"

तामूला तोंड वर करता येईना. बहिजा म्हणाली, "मग झालं. उद्या सकाळी हातगाडीवाल्याला बोलवा."

हमादनं मालेमला कमरेला धरलं. अल्लालनं हात लांब करून वळणावरचा कठडा ओढला. त्याचं एक टोक ढेकळासकट हातात आलं.

"हमाद, जिप्सममध्ये लोखंड ठोकतोस? हे शिकवलं मी तुला?"

"तुम्हीच म्हणालात, मालेम..."

"मी म्हातारा आहे. म्हातारा काहीही म्हणेल. कारागीर तू आहेस." तो श्वास घ्यायला थांबला. "स्टूल आण. आणि माझी हातोडी."

स्टुलावर बसून तो बोटाच्या पेरानं झेलिज वाजवत गेला, कान लावून. कुठं पोकळ, कुठं भरीव. वळणाशी आला तेव्हा थांबला.

"इथं मागं विटेचं तोंड आहे. पहिलं भोक इथं. ती चाळण बाजूला कर."

कठड्याचं दुसरं टोक अजून पट्टीत होतं आणि चाळण त्यालाच लटकत होती. तामूनं ती काढली. मागं काळ्या ताऱ्यांची ओळ होती, आणि ओळीत एकच तारा हिरवा.

अल्लाल त्या ताऱ्याकडं बघत म्हणाला, "हा चुकलेला आहे. बहिजा झाली त्या आठवड्यात मांडला. डोकं ठिकाणावर नव्हतं. अडतीस वर्षं कुणाला दिसला नाही."

"चाळण होती ना," तामू म्हणाली.

त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं. चाळण इथं कशाला टांगतेस, माझी नक्षी झाकतेस, म्हणून तो अडतीस वर्षं तिच्यावर खेकसत आला होता. तिनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

मग त्यानं डाव्या हातात हातोडी धरली. पहिला घाव निसटला. दुसऱ्या घावाला हिरवा तारा फुटून खाली पडला, शेजारच्या काळ्यांना ओरखडाही न लागता.

"इथून पुढं एक सोडून एका ताऱ्यात भोक पाड," तो हमादला म्हणाला. "कमरेएवढ्या उंचीवर. आणि नीट कर, मी बघतोय."

बहिजानं कोट काढला आणि कुसकुस गरम करायला गेली. त्या दिवशी अल्लाल सगळ्यांसमोर जेवला, डाव्या हातानं. तामूनं चाळण स्वयंपाकघरात टांगली.