काकांचं 'कशामुळं'

या जगात कुठलीच गोष्ट उगीच चांगली नसते आणि उगीच वाईटही नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिलाय, आणि तो साताऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मेढ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून हे आमचे शेजारी काका रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढला. सगळे क्लास 'माय नेम इज'पासून सुरू होतात. काकांचा क्लास 'आय ॲम हॅपी'पासून सुरू व्हायचा आणि तिथंच अडकायचा, कारण हॅपी म्हणलं रे म्हणलं की खुर्चीतून आवाज यायचा, "कशामुळं?"

काकांचं म्हणणं असं, की इंग्रजीत नुसतं विशेषण म्हणजे दारात येऊन उभा राहिलेला पाहुणा. आत घ्यायचा तर कशासाठी आलाय ते विचारायला नको? आणि प्रत्येक विशेषणाची कारणाकडं जायची वाट वेगळी. सातारा फेमस 'फॉर' कंदी पेढे. माणूस प्राउड 'ऑफ' पोरगी. आणि दमणं तर दोन तऱ्हांचं. डोंगर चढून दमला तर टायर्ड 'फ्रॉम', आणि त्याच त्या गोष्टीला कंटाळला तर टायर्ड 'ऑफ'. फ्रॉमचा थकवा झोपेनं जातो, ऑफचा झोपून उठलं तरी तिथंच असतो. हे इतकं सुंदर त्यांनी मला सातवीत सांगितलं होतं की मी अजून विसरले नाही. फक्त काका ते घरीही सोडायचे नाहीत ना. काकू संध्याकाळी पायरीवर टेकून म्हणायच्या, "दमले बाई." आतून लगेच, "फ्रॉम का ऑफ?" काकू पदरानं वारा घेत म्हणायच्या, "आज दोन्ही."

बाजारात त्यांच्याबरोबर जायला कुणीच तयार नसायचं. मी एकदा गेले. कलिंगडवाली मावशी म्हणाली, "घ्या गुरुजी, लय गोड हाय." काका खाली बसले, कलिंगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "गोड कशामुळं?" ती म्हणाली, "रानातल्या मातीमुळं." काका म्हणाले, "माती तर शेजारच्या ढिगालाही तीच असेल, मग ते स्वस्त का?" मागं गिऱ्हाइकं थांबलेली. मावशीनं कलिंगड त्यांच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "आवं, खाऊन बगा आन् तुमीच मला सांगा कशामुळं. मी तवर बाकीच्यांना देती." काका खरंच दुसऱ्या दिवशी तिला सांगायला गेले.

पण काका नुसते किरकिरे होते असं वाटलं असेल तर थांबा. क्लासला महाबळेश्वरचे एक टॅक्सीवाले दादा यायचे, टुरिस्टांशी बोलता यावं म्हणून. एके दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, टुडे आय ॲम सॅड," आणि खाली बसले. काका म्हणाले, "कशामुळं?" दादांनी गाडीची किल्ली बोटांत फिरवली. मग मराठीतच म्हणाले, "म्हस गेली, सर. आईनं लेकरागत सांभाळलेली." काकांनी ते वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, म्हशीसकट, आईसकट. मग हळूच म्हणाले, "हे बघ गड्या. मघाशी तू एकटाच सॅड होतास. कारण सांगितलंस, आता आम्ही पण झालो." मला वाटतं काकांचं सगळं व्याकरण एवढंच होतं.

आता मेघाताईचं सांगते. मेघाताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, बँकेत नोकरीला, माझ्यापेक्षा मोठी, आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिला बघायला यायचे लोक, चहा घ्यायचे, गोड बोलायचे, आणि मग मध्यस्थाचा फोन, "योग नाही ओ." बस, एवढंच. काका फोनवर ओरडायचे, "अहो, पण कशामुळं?" मध्यस्थ म्हणायचा, "असं कुणी सांगतं का सर?" आणि खरंच कुणी सांगत नाही. आपल्याकडं होकाराला पत्रिका छापतात, नकार मात्र असाच गुंडाळून येतो. मेघाताई हसून न्यायची. पण एकदा आरशासमोर केस विंचरताना मला म्हणाली, "खरं सांग, मी बुटकी दिसते का गं?"

त्यानंतर सांगलीचं स्थळ आलं. हळदीच्या व्यापाऱ्यांचं घर. मुलगा, आईवडील आणि आजी, अशी चौघं गाडीनं येणार होती. काकांचं मूळ घरही तिकडचंच, दोन्ही घरं जैन, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवणं. दिवस थंडीचे, यवतेश्वरच्या डोंगरामागं सूर्य भराभर उतरतो. काकूंनी पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, ताटं मांडून ठेवली. पाहुणे चारला आले. सगळं झकास चाललेलं. मुलाला मेघाताई आवडलीय हे मला पडद्यामागनंसुद्धा दिसत होतं. काकू जेवायला चला म्हणायला पुढं आल्या आणि तेवढ्यात मुलाचे वडील बोलून गेले, "आमचा मुलगा तसा शांत आहे."

मेघाताई कप ठेवायला पडद्यामागं आली होती; मी आणि तिनं एकमेकींचा हात धरला.

"शांत कशामुळं?" काका म्हणाले.

"कशामुळं म्हणजे, स्वभावच तसा."

"स्वभाव हे कारण नाही झालं. कुणी समाधानानं शांत असतो, कुणी भीतीनं. दोन्हींत फरक आहे."

वडील विचारात पडले. मग त्यांनी मुलाच्या लहानपणापासून सुरुवात केली. आईनं मध्ये दुरुस्त्या केल्या. शेवटी मुलगाच म्हणाला, "थोरला भाऊ लय बोलतो, म्हणून मी लहानपणापासून ऐकायचं काम घेतलं." काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला इंग्रजीत हेच कसं म्हणायचं ते सांगायला घेतलं. काकू दोनदा येऊन खाकरल्या. सगळे गोष्टीत रंगलेले. आणि मग आजी खिडकीकडं बघून म्हणाल्या, "दिवस बुडाला."

खोलीत एकदम शांत. त्याचं कारण मात्र सगळ्यांना माहीत होतं.

पाहुणे उपाशी गेले. आजींनी तर पाणीही घेतलं नाही. ताटं तशीच झाकून ठेवली आणि काकांच्या घरातही कुणी जेवलं नाही. काकांच्या ते गावीही नव्हतं. ते दारात उभे राहून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. आणि कशामुळं ते मला पक्कं कळलंय."

चार दिवसांनी फोन आला. योग नाही.

यावेळी मेघाताई हसली नाही. गच्चीवर कपडे काढताना मला म्हणाली, "कारण सांगत नाहीत ना, म्हणजे कारण मीच असणार. तोंडावर कसं सांगतील?" काका जिन्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या दारात हजर. मी तेव्हा सांगलीत एम.एस्सी. करत होते आणि सुट्टी संपवून त्याच दिवशी होस्टेलवर परत जाणार होते. काकू मागनं जिन्यातून सांगत होत्या, "अहो, मुलीच्या बापानं असं विचारायला जायचं नसतं." काका म्हणाले, "बाप म्हणून नाही चाललो. मास्तर म्हणून चाललोय."

आम्ही दोघं सांगलीच्या एसटीत बसलो. कराड गेल्यावर काका म्हणाले, "मला होकार नको आहे. पोरीला कारण मिळालं पाहिजे. नाहीतर ती स्वतःच एखादं बनवून घेईल, आणि ते खोटं असेल."

सांगलीतलं ते घर पेढीच्या मागंच होतं. आत पाऊल टाकलं की हळदीचा वास. आजी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. काकांनी चप्पल काढली, हात जोडले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "राग मानू नका. मी फक्त कारण विचारायला आलोय." मुलाचे वडील गडबडले. "तसं काही नाही हो सर, पत्रिकेत जरा..."

"गप रं तू," आजी म्हणाल्या. "इतक्या लांबनं माणूस आलाय, खोटं कशाला सांगतोस?" मग काकांकडं वळल्या. "गुरुजी, पोरगी तुमची लय गुणाची हाय. तिच्यात काय बी खोट न्हाई. पण आमी पयल्यांदा तुमच्या दारात आलो आन् उपाशी उठलो. मांडलेल्या ताटावरनं. उद्या आमची पोरं तुमच्याकडं येणार, त्यांचं काय? आता कशामुळं उपाशी, ते इचारा."

काकांनी सवयीनं विचारलंच, "कशामुळं?"

"तुमच्या ह्या कशामुळं-मुळं."

मला हसू आलं आणि मी काकांकडं बघितलं, आणि हसू गेलं. आयुष्यभर कारणं मागत हिंडलेला माणूस, त्याला मागितलेलं कारण मिळालं होतं आणि ते तो स्वतःच होता. आजी शेंगा बाजूला सारून म्हणाल्या, "फोनवर असं कसं सांगायचं, आमालाच लाज वाटली. बसा आता. जेवून जावा, दिवस हाय अजून." काका जेवले. मान खाली घालून जेवले. उठताना म्हणाले, "आमटी चांगली होती." एवढंच. पुढं काही नाही. मी त्यांच्या तोंडून नुसतं 'चांगली' पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचं मला मेघाताईनं फोनवर सांगितलं. काका घरी आले, पायातली चप्पलही न काढता तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मेघा, कारण मिळालं. ते उपाशी गेले, माझ्यामुळं. तुझ्यामुळं काही नाही. तू त्यात कुठंच नाहीस." मेघाताई म्हणाली, "मी आधी हसले, मग रडले, आणि पहिल्यांदाच बाबांनी कशामुळं विचारलं नाही."

काकूंनी दुसऱ्याच आठवड्यात सांगलीला फोन केला. पाहुणे पुन्हा आले, यावेळी भर दुपारी, आणि दारातून थेट पाटावर. पोळ्या काकांनी स्वतः वाढल्या, तोंडातून शब्द न काढता. आजींनी मुद्दाम काढलं, "गुरुजी, पोळी लय गोड झाली. इचारा की कशामुळं." काका तुपाची वाटी पुढं करून म्हणाले, "आधी खावा."

आता मेघाताई सांगलीला असते. क्लास अजून चालतो, पण काका हल्ली पोरांना विचारायच्या आधी घड्याळाकडं बघतात. परवा मी सुट्टीला घरी आले आणि संध्याकाळी वर गेले, तर मेघाताईचा फोन चालू होता, स्पीकरवर. ती म्हणत होती, "बाबा, मी आज लय खूश आहे." काकांनी तोंड उघडलं. मग खिडकीतून यवतेश्वरकडं बघितलं. उन्हाचा एकच पट्टा डोंगरावर राहिला होता.

"जेवलीस का?"

"नाही अजून. बाबा, विचारा ना कशामुळं."

"आधी जेव," काका म्हणाले. "कारण उद्या सांगितलंस तरी चालेल. मी आहे."

फोन ठेवून ते क्लासच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसले. काकूंनी आतून त्यांचं ताट आणून माझ्या हातात दिलं. मी म्हणलं, "काका, उदास झालात?" ते म्हणाले, "हो, जरा." मी त्यांचीच विद्यार्थिनी, पुढचा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण ऊन अजून होतं. मी ताट त्यांच्यापुढं सरकवलं.