हुंगे सरांचा प्रश्न

कुणाच्याही हातात पाण्याची बाटली दिसली की आमचे सर आधी ती उघडून हुंगायचे. मग झाकण घट्ट लावून परत द्यायचे आणि म्हणायचे, "पी आता." कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स संघात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहून मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. आठवडाभरात मीही निमूटपणे बाटली पुढे करायला लागलो. सगळं कॉलेज त्यांना हुंगे सर म्हणायचं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

सर वसईजवळच्या उमेळ्याचे. घरची केळीची वाडी, म्हणजे आजूबाजूच्या इमारतींनी उरू दिली तेवढी. स्पर्धेला निघालो की त्यांच्या पिशवीत घरच्या केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी असायची. विरारच्या जिममध्ये जाणारी आमची पोरं पावडरच्या डब्यांविषयी बोलायला लागली, की सर एकेकाच्या हातावर सुकेळं ठेवायचे. "केळीला खत जास्त झालं की घड मोठा येतो," ते म्हणायचे, "आणि केळ आडवी होते." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत कुणीतरी "आडवी होते" म्हणून टाकायचं. सर चिडायचे नाहीत. पाठ झालं ना, मग झालं, म्हणायचे.

स्पर्धेआधी प्रत्येकाला एकच प्रश्न असे: "काही औषध घेतलंस का?" सर्दीची गोळी घेतली असली तरी ते पाकीट मागायचे, चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचायचे आणि शंका आली तर ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावायचे. उत्तेजकं घेऊन पळणारी मुलं त्यांनी पाहिली होती, पकडली गेलेली आणि सुटलेलीही. आपलं कुणी त्या वाटेला जाऊ नये, हा त्यांचा ध्यास. पदकाची हाव नव्हती, असं मात्र मी म्हणणार नाही. दर्शनाचं पदक त्यांना हवंच होतं.

दर्शना आठशे मीटर पळायची. मिठागरांकडच्या गावातली, बापाची थोडीशी भातशेती. तिला पोलिसात जायचं होतं आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत पदक मिळालं, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून तिचं काम होण्यासारखं होतं. ती तिसरी आली. सर मैदानाच्या कठड्यावर बसून रडले आणि रडता रडताही तिची बाटली हुंगून घेतली.

मग तिला चाचणीला बोलावलं. लघवीचा नमुना द्यायचा होता आणि आठशे मीटर पळून आलेल्या पोरीला लघवी काही होईना. सीलबंद बाटल्यांतलं पाणी पीत ती बसून राहिली. तिथल्या डॉक्टरीणबाई हिंदी-इंग्रजीत विचारत होत्या, सर ते तिला मराठीत सांगत होते. मी दाराशी होतो. गेल्या आठवड्यात काही औषध घेतलंस का, असं सरांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. सरांनी तेच उत्तर ताठ मानेनं पुढे दिलं.

काही आठवड्यांनी कळलं, नमुन्यात स्टेरॉइड सापडलंय. सर मला घेऊन तडक तिच्या घरी गेले. ओटीवर बसून पुन्हा तोच प्रश्न विचारला. दर्शना म्हणाली, "औषध नाय घेतला सर, कोनताच. आईशपथ." तिची आई पाणी घेऊन बाहेर आली आणि सहज बोलून गेली, "औषध कुठला? गुडघा दुखत व्हता, तं डॉक्टरकडं ताकदीची सुई मारून आनली, तवढीच."

सरांनी तांब्या न पिताच खाली ठेवला. औषध म्हणजे गोळी, नाहीतर बाटलीतलं. जे तोंडानं घेतात ते. सुई ही सुई. अंग मोडून आलं की आमच्याकडे अर्धं गाव दवाखान्यात जाऊन ताकदीची सुई मारून घेतं, ती कुणी औषधात धरत नाही. पोरगी खोटं बोलली नव्हती.

सुनावणी प्राचार्यांच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. सर म्हणाले, "प्रश्न मी चुकीचा विचारला. शिक्षा मला द्या." पलीकडच्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अंगात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. पदक गेलं, दोन वर्षांची बंदी आली, पोलिसातलं स्वप्न तिथेच मिटलं. मला त्या निकालाचा अजून राग येतो. नियम चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही, त्यानं जास्त थकायला होतं.

त्यानंतर सरांनी बाटल्या हुंगणं सोडलं. नव्या मुलांना ते एकेक करून विचारायचे, गोळी घेतलीस का, सुई मारलीस का, पावडर, काढा, मलम? मुलं हसायची. आता मी शाळेत खेळ शिकवतो आणि माझी मुलंही हसतात.

गेल्या महिन्यात उमेळ्याला जाऊन आलो. सर निवृत्त झालेत, साखरेनं डोळे गेल्यात जमा आहेत. दर्शना पळते का, त्यांनी विचारलं. दर वेळी विचारतात. ती वसईत मोबाइलच्या दुकानात बसते, हे त्यांना माहीत आहे. मी नाही म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, सर, औषध वेळेवर घेता ना?

"नाही," ते म्हणाले. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"सुई घेतो, दोन वेळा. पण तू औषध विचारलंस."