खिशातला फ्यूज

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मिस्त्रीआप्पा त्या घरच्या बोर्डावरचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसत, शर्टाच्या वरच्या खिशात टाकत आणि खिशावर दोनदा थाप मारत. "हे माझ्या खिशात हाय तवर तुमी बी निवांत, मी बी निवांत." मग जमिनीवर मांडी घालून बसत. काम संपलं, चहा झाला, की तो फ्यूज खिशात तसाच घेऊन घरी जात. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. आमच्या बेळगावच्या शहापुरात निम्म्या घरांनी आप्पांच्या नावानं बोटं मोडली आहेत, आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा त्यांनाच बोलावलं आहे.

त्यांचा मूळ धंदा विणकरांच्या मागांच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. एखाद्या घरातली खडखड मध्येच थांबली, की बोलावणं येण्याआधीच ते पिशवी घेऊन निघत. पण माग असो, मिक्सर असो की मळ्यातला पंप, वीज चालू करून बघायची घाई त्यांना चालत नसे. "आधी हातानं फिरवून बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य जरा दबक्या आवाजात यायचं. "यंत्रासमोर खोटं बोलू ने. मागनं तेच आपल्याला उघडं पाडतंय."

हे दुसरं वाक्य आमच्या आईला फार महागात पडणार होतं.

झालं असं की माझा मोठा भाऊ, अण्णा, जर्मनीत एका कारखान्यात इंजिनिअर होता. आईच्या हातांना भांडी घासायच्या राखेनं आणि सोड्यानं कायम चिरा पडलेल्या असत. थंडीत त्यातून रक्त यायचं आणि चटणी कालवताना ती दात आवळून बसायची. अण्णानं ते लहानपणापासून पाहिलं होतं. पैसे साठवून त्यानं बोटीनं भांडी धुण्याचं यंत्र पाठवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बेळगावात तेव्हा फ्रीज आला तरी गल्ली बघायला यायची. हे तर बघायला लोक पार कंग्राळी गावाहून आले.

आईनं यंत्राला हळदकुंकू लावलं आणि वापरलं नाही. बिघडलं तर पोराला काय तोंड दाखवू, ही तिची भीती. पुढं तिच्या लक्षात आलं, की याचं दार रबरानं घट्ट बसतं आणि आत उंदीर-मुंगी शिरत नाही. मग आत लोणच्याच्या बरण्या गेल्या, पापडांचे डबे गेले, मोहरी-मेथीच्या पुड्या गेल्या. अण्णाला मात्र दर महिन्याला पत्र जायचं. ती सांगायची, मी लिहायची. "यंत्र छान चालते. माझे हात आता अगदी बरे आहेत." शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, घरी हे सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

दहा महिन्यांनी अण्णाचं पत्र आलं. येतोय म्हणून.

तो यायच्या दोन दिवस आधी आम्ही बरण्या काढल्या, चार ताटं आत ठेवली आणि बटण दाबलं. पाणी भरल्याचा आवाज आला. मग नुसतं "हुंऽऽ". तासाभरानं दार उघडलं तर तळाशी पाणी आणि ताटांवर सुकलेलं वरण जसंच्या तसं. रात्रभर वाट पाहून सकाळी पुन्हा लावलं, तरी तेच. आई म्हणाली, "आता त्याला कळणार गं. दहा महिने त्याला फसवलं म्हणून कळणार."

मी जाऊन आप्पांना बोलावून आणलं. त्यांनी असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यांनी ते सांगून टाकलं, हे मला फार आवडलं. "मला ह्यातलं काय बी ठावं न्हाय. बघतो." स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून त्यांनी ते हुंकारणं ऐकलं. "पाणी येतंय, पण उडत न्हाय. मोटार जित्ती हाय. पाणी उडवायचा पंखा अडकलाय." फ्यूज खिशात गेला, थाप पडली. तळाची जाळी काढून त्यांनी दोन बोटं आत घातली. "आधी हातानं फिरवून बघू." पंखा हलेना. मग मागाच्या फणीतून सूत ओढायची बारीक आकडी पिशवीतून काढली आणि आतून काहीतरी उकरून तळहातावर घेतलं.

फुगलेली मेथी होती. मागोमाग मोहरी आली. पाणी उडवणाऱ्या नळीच्या भोकांतूनही मोहरीच निघाली.

आप्पांनी आईकडं पाहिलं. "आक्का, हे भांडी घासायचं मशीन हाय का लोणचं घालायचं?"

आईचा धीर सुटला. पत्रं, हात, बरण्या, सगळं तिनं आप्पांना सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. आप्पा बराच वेळ एकेक दाणा काढत राहिले. मग म्हणाले, "रडताय कशाला? चला, तुमची पत्रं खरी करून टाकू."

संध्याकाळी यंत्र चाललं. आत असं पाणी उडत होतं, की आई दाराला कान लावून हसायला लागली. मग खालचा पत्रा बसवायचा म्हणून आप्पांनी पुन्हा फ्यूज काढला, पत्रा बसवला, चहा प्याले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आला. आईनं हात पदराखाली ठेवूनच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, कसा ते तिलाच माहीत. जेवणं झाल्यावर तिनं हात पदरात गुंडाळूनच थाटात ताटं आत लावली, बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. स्वयंपाकघरातल्या त्या लाईनीचा फ्यूज वेगळा होता, त्यामुळं घरात दिवे लागत होते आणि आमच्या काही लक्षात आलं नव्हतं. आईनं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

इतक्यात आप्पा धापा टाकत दारात. तंबाखूची चंची काढायला खिशात हात घातला, तेव्हा त्यांना फ्यूज सापडला होता. "आक्का, चुकलं माझं!"

त्यांनी फ्यूज बसवला. यंत्र सुरू झालं. अण्णानं सहज विचारलं, "आप्पा, नीट चालतंय ना हे इतके दिवस?"

आईनं हात पदरात आणखी आत ओढले. यंत्रासमोर खोटं न बोलणारा हा माणूस यंत्राच्या अगदी पुढ्यात उभा होता. आप्पांनी टोपी सारखी केली. "मी हात लावल्यापासनं एकदा बी बंद पडलं न्हाय, बघा."

आईला इतकं हायसं वाटलं, की तिनं दोन्ही हात जोडले. पदर सुटला. अण्णानं ते हात पाहिले, धरले, उलटे-सुलटे केले. अंगठ्याजवळची चीर ओली होती.

"आई, पत्रात तर हात बरे झाले होते."

"आता होतील रे," आई म्हणाली.

मग तिनं बरण्यांसकट सगळं सांगून टाकलं. अण्णा हसला, मग रडला, आणि यंत्रातून काढलेल्या बरण्या आता कुठं ठेवायच्या ते विचारलं. आप्पा तेवढ्यात चप्पल घालून निघून गेले होते. त्या दिवशी चहासुद्धा प्याले नाहीत.

पुढं आईनं दोन गोष्टी केल्या. यंत्र रोज वापरलं, आणि आमच्या फ्यूजला जुन्या पैठणीतून निघालेल्या रेशमाचा हिरवा धागा बांधला, तो वाट चुकू नये म्हणून. एक जादाचा फ्यूजही आणून ठेवला. आप्पा वर्षातून दोनदा येत, हिरव्या धाग्याला हसत आणि तरीही घेऊन जात. मला तर वाटतं, फ्यूज परत द्यायच्या निमित्तानं त्यांना दुसरा चहा मिळायचा.

एका श्रावणात ते आले, पंखा हातानं फिरवून बघितला, "बेस चाललंय," म्हणाले आणि गेले. पंधरा दिवसांनी, मागाशेजारी बसल्या-बसल्या, ते वारले. मी तेव्हा फार रडले. त्यांच्यासारखं आमचं खोटं कुणी सांभाळलं नव्हतं.

तेराव्यानंतर आई आणि मी त्यांच्या घरी गेलो. आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून फ्यूज काढला. "हे कुणाचं हाय, कळंना. धागा बांधलाय."

"आमचाच," आई म्हणाली आणि हात पुढं केला. काकूंनी फ्यूज तिच्या तळहातावर ठेवला. त्या तळहातावर एकही चीर नव्हती.